पोराच्या डोक्यावर हात ठेवून दिलेला शब्द

बा, तुले वाचता येत नव्हतं म्हणून मी हे लिहून राहिली. वाचता येत असतं तं माझी हिंमत झाली नसती. तुले जाऊन तेहतीस वर्षं झाली अन् एवढ्या वर्षांत मी तुले चार ओळी लिहिल्या नाईत. तू जिता होता तवा एकदा सासरून पोस्टकार्ड टाकलं होतं. तू ते पोस्टमनलेच वाचाले लावलं, अन् त्यानं ते पारावर बसून अशा आवाजात वाचलं का माझ्या सासूच्या भाजीत मीठ नसते हे साऱ्या गावाले कळलं. तवापासून मी कानाले खडा लावला. आता तो पोस्टमन नाई, सासू नाई, तू नाई. मी आहे, सातवी पास, चष्मा लावून दारापुढच्या सपरीत बसलेली. हे पत्र टाकाचं नाईच आहे. पण तुले दिलेला शब्द मी मोडला, अन् तो कसा मोडला हे दुसऱ्या कोणाच्या तोंडून तुले कळाच्या आधी मीच सांगते. तिकडं येणारे लोक कमी नाईत. ह्या एका सालातच गावचे चार बुढे तुह्याकडं निघाले, अन् त्यातले दोघं पक्के चुगलखोर.

कोणता शब्द ते तुले आठवत असंन. माझा पोरगा झाला तवा बाराव्या दिवशी तू आला होता. खांद्यावर नव्या तांदळाचं बोचकं, हातात छत्री. ऊन नाई, पाणी नाई, तरी छत्री. पोराले मांडीवर घेतलं, त्यानं तुझं धोतर ओलं केलं, तू हसला. मंग माझी सासू पाण्याले गेली तवा तू माझा हात धरून पोराच्या डोक्यावर ठेवला. 'याले कवा सांगजो नको,' तू म्हटलं, 'पहिल्या घराची गोठ याच्या कानावर जाऊ देजो नको. मायचं आधी एक घर होतं हे पोराले कायले कळलं पायजे?' त्याच्या टाळूवरचा तो मऊ भाग माझ्या हाताखाली धडधड करून राहिला होता. मी हो म्हटलं. तुझ्या जावयाले सारं ठाऊकच होतं, सासूलेबी ठाऊक होतं, पण दोघांनीबी मरेपर्यंत तोंड उघडलं नाई. जावयाले जाऊन नऊ वर्षं झाली. म्हणजे तो शब्द सांभाळणारी मी एकटीच उरली होती, अन् मीच तो साकोलीच्या कोर्टात, भरल्या लोकात मोडून आली.

ते पहिलं घर आता मले नीट आठवतबी नाई. तुमसरच्या पलीकडचं गाव, सतरा वर्षांची मी, अन् एक माणूस जो मारे, मंग रडे, मंग पुन्हा मारे. दोन वर्षं काढली. तू न्याले आला तवा त्यानं दारातच म्हटलं, 'कोर्टात ओढीन, बुढ्या. तारखा फिरता फिरता तुह्या धानाच्या बांधीत गवत उगवंन.' तू त्याच्याच आंगणात बसला. पंच जमा झाले, दुपार झाली, दुपार कलली, तू पाणीबी पेला नाई. मी आतून दाराच्या फटीतून तुझी पाठ पाहून राहिली होती. माश्या बसत होत्या तुझ्या पाठीवर अन् तू त्याबी हाकलत नव्हता. शेवटी पंचांनी तनसाच्या ढिगातून एक काडी उपसली, एक टोक त्याच्या हातात दिलं, एक माझ्या. मोडली. 'आता हा मोकळा, ही मोकळी, ज्याले जिथी वाटंन तिथी त्यानं घर करावं.' झालं. दोन वर्षांनी ह्या गावात तुझ्या जावयाशी माझा पाट लागला अन् मी सुखात राहिली. आपल्या लोकांत हे असंच चालत आलं. वकील लागत नाई, कागद लागत नाई, पंचांनी सांगतलं म्हणजे झालं. सरकारच्या वहीत ह्या काडीची नोंद आहे का नाई, असं विचाराचं आपल्यातल्या कोणाले सुचलंच नाई.

आता पोराची गोठ सांगते. त्याचं साकोलीले तहसीलीच्या बाजूले झेरॉक्स अन् टायपिंगचं दुकान आहे. लोकांचे अर्ज, तक्रारी, प्रतिज्ञापत्रं, सारं त्याच्या बोटाखालून जाते. लग्न करून दिलं, सून चांगली भेटली. कामाची, हसरी, अन् मी चिडवलं तं उलट चिडवणारी. मी म्हणो, 'काय वं, भात शिजवला का खळ केली?' तं ती म्हणे, 'मामी, तुमच्या दातांचा विचार केला.' बा, अशी सून भेटाले नशीब लागते. पण त्या दोघांचं जमलं नाई. लेकरू झालं नाई. त्यावरून बोलणं, बोलण्यावरून अबोला, अन् एक दिवस पोरानं हात उगारला. मी मधात पडली तं माझ्या हाताची बांगडी फुटली. दुसऱ्या दिवशी मीच तिच्या माहेरी निरोप धाडला. आपल्याच आंगणात तीन पंच बसले, तिचा भाऊ आला. पोरानं दुकानातून स्टॅम्प पेपरवर स्वतःच टाइप करून आणलं होतं, का दोघंबी राजीखुशीनं फारकत घेऊन राहिले. दोघांनी सह्या केल्या, पंचांनी केल्या, मीबी साक्षीदार म्हणून केली, चांगली लांब शेपटी काढून. मंग काडी मोडली. कागद एकच होता. तो कोणापाशी ठेवाचा, असं निघालं तं पंच म्हटले, 'राहू द्या पोराच्या घरी, कागद काय पळून जाते?' तिनं हात पुढं केला नाई. आपल्यात मागत नाईत. मागतला म्हणजे भरोसा नाई असं होते.

दीड वर्षानं तिनं चिखल्याच्या एका माणसाशी पाट लावला. खदानीत ठेकेदाराच्या हाताखाली कामाले आहे तो. पोराचं तवा एकच चालू होतं. दुकान, घर, दुकान, घर. मले वाटलं, निवला. मंग दोन सालाआधी खबर आली, का तिले पोरगा झाला. अन् बा, तिथी मी माती खाल्ली. तो जेवत होता. शेजारीण सांगून गेली. मी भाजी वाढता वाढता म्हटलं, 'पाह्य रे, बांधी तं चांगलीच होती. नांगऱ्याचंच काई चुकलं असंन.' मी सगळ्यांलेच असं म्हणते. तुझा जावई खाटेवर पडून होता तवा मी त्याले म्हटलं होतं, उठत नसाल तं खाट तरी मोकळी करा, अन् तो तशा हालतीतबी हसला होता. पोरगा हसला नाई. त्यानं ताटातच हात धुतला अन् उठला. भात तसाच होता. पानठेल्यावरचे लोक त्याले तेच म्हणत होते, हे मले मागाहून कळलं. तिथी तो ऐकून घेऊन राहिला होता अन् घरी येऊन त्याले मायच्या तोंडूनबी तेच ऐकाले भेटलं.

आठ दिवसांनी सकाळी तो मागच्या आंगणात, न्हाणीच्या चुलीपाशी बसला होता. पाणी तापलं होतं तरी उठेना. हातात कागद. मी म्हटलं, 'काय जाळून राहिला रे, प्रेमपत्र?' 'हो,' तो म्हटला. 'तुले कोण लिहिते रे?' असा आणखी एक टोला देऊन मी शेण काढाले गेली. मागं वळून पाह्यलं असतं तं त्या कागदावर माझीच सही दिसली असती, शेपटीवाली. पण मी माझ्याच बोलण्यावर हसत गेली. महिन्याभरानं तिच्या नावानं पहिली केस लागली तवा मी पेटी उघडून पाह्यली, तं त्यातली फारकतीच्या कागदाची घडी नव्हती.

केस अशी लागली, का माझी बायको माझी असतानाच हिनं दुसरं लग्न केलं. आरोपी कोण, तं ती, तिचा माणूस, अन् त्याचे म्हातारे माय-बाप. त्या बुढ्याचा एक गुडघा वाकत नाई, बा. तो बसमध्ये पाय लांब करून बसते अन् येणारे-जाणारे त्याले शिव्या देतात. मंग ठाण्यात एक तक्रार गेली, का जाताना तिनं दागिने नेले. ते दागिने माझ्या पेटीत आहेत. मंग ती अंगणवाडीत मदतनीस आहे तिथी एक अर्ज गेला, का अशा बाईले लेकरांत ठेवू नका. पोराले टाइप कराले कोणाकडं जाचं नव्हतं. मी एक दिवस दुकानात गेली, डबा घेऊन. विचारलं, 'तिले परत आणाचं आहे काय?'

'छ्या.'

'मंग जेलात टाकाचं आहे?'

'ते होईन का नाई, वकील जाणे.'

'मंग कायले रे हे सारं?'

त्यानं मशीनमधून कागद काढले, टेबलावर ठोकून कडा जुळवल्या अन् एकदम शांतपणे म्हटलं, 'आई, निकाल कोणाले पायजे? मले तारीख पायजे. दर तारखेले तिनं यावं.'

अन् ती येते. चिखल्यावरून तुमसर, तुमसरवरून साकोली, काखेत लेकरू, मागं तो लंगडत येणारा बुढा, त्याच्या मागं पिशवी घेतलेली बुढी. दिवसभर बसतात. मंग पोराच्या वकिलाले तारीख पायजे असते. कवा कागद राहिला, कवा साक्षीदार आला नाई, कवा फिर्यादीची तब्येत ठीक नाई. तब्येत ठीक नसलेला फिर्यादी समोरच्या टपरीवर चहा पेत उभा असते. त्यांची परतीची बस सुटली का मंग तो दुकान उघडते. बा, मी हे पाह्यलं. पाहून घरी आली, भात रांधला, त्याले वाढला. वर्षभर वाढला. 'नको करू' असं एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा तो म्हटला, 'सुरुवात कोणं केली होती, आठवते काय?'

ह्या सालचं धान चुरून, मळून झालं अन् कोर्टातून माझ्या नावाचा कागद आला. पोरानं मलेच साक्षीदार केलं होतं. तीन पंचांपैकी दोघं वारले. तिसरा म्हणते, मले काई आठवत नाई. त्याचं रोजचं काम पोराच्या दुकानात पडते, त्याले कसं आठवंन. कागद जळला. उरली मी. कोर्टाच्या आवारात टिनाच्या शेडखाली वकील बसतात, तिथी त्यानं मले नेलं. वकील चांगला बोलणारा होता, मले खुर्ची दिली.

'आजी, एवढंच सांगाचं. फारकत झाली नाई. सून भांडून माहेरी गेली अन् तिकडूनच तिनं दुसरं घर केलं.'

'अन् पुढं?'

'पुढं काई नाई.'

'एवढ्यासाठी मले बसमध्ये उभं राहून यावं लागलं? घरी बसूनच खोटं बोलली असती.'

वकील हसला. पोरगा म्हटला, 'आई, आज नको.' मी बरं म्हटलं. खरं सांगते, बा, तवा माझ्या मनात काईच पक्कं नव्हतं. एकुलतं एक पोर. म्हातारपणी कोणाच्या दारात बसू? शिकवलं तसं बोलून टाकीन अन् घरी जाऊन देवापुढं नाक घासीन, असंच अर्धं मन होतं.

पुकाऱ्याले वेळ होता. मी पाणी प्याले टाकीकडं गेली, तं तिथी ओट्यावर ती बसली होती. लेकरू मांडीवर. मले पाहून उठली, पदर सावरला. 'मामी, गुडघे कसे आहेत?' फारकत होऊन सहा वर्षं झाली तरी मामीच म्हणते. लेकरानं माझा चष्मा ओढला. मी म्हटलं, 'माल चांगला आहे वं, पण चोर आहे.' ती थोडी हसली. मंग म्हटली, 'मामी, तो कागद तुमच्या घरी होता ना? आमचे वकील म्हणतात, कागद आणा नाई तं साक्षीदार आणा. भाऊ तं माझाच, त्याचं कोण ऐकते?'

'कागद नाई, बाई.'

'नाई म्हणजे?'

'जळला.'

कोणं जाळला, हे तिनं विचारलं नाई. लेकराच्या मुठीतून माझा चष्मा सोडवला, पदरानं पुसला, मले दिला. म्हटली, 'पण तुम्ही तं तिथी होत्या.' बस, एवढंच. विनवणी नाई, रडणं नाई. अन् ती तिच्या सासऱ्याले पाणी न्याले गेली.

मी तिथीच ओट्यावर बसली, अन् मले दिवाळीतली ती मंडई, ती जत्रा, आठवली. तू म्हणशील, अशा वक्ती मंडई? हो. माझी फारकत झाल्यावरची दिवाळी. मी एकोणीस वर्षांची, मैत्रिणींसंग मंडईत फिरून राहिली होती. तिकडं दंडारीचा डफ वाजून राहिला, अन् समोर तो, माझा पहिला माणूस, नव्या बायकोले घेऊन जिलबी खात उभा. मले काय सुचलं कोण जाणे. मंडईत बंदोबस्ताले एक हवालदार होता, त्याले जाऊन म्हटलं, ह्या माणसानं माझ्या चांदीच्या तोरड्या चोरल्या. हवालदारानं त्याची कॉलर धरली अन् झाडाखाली उकिडवं बसवलं. लोक जमले. त्याची नवी बायको जिलबीचा पुडा हातात धरून उभी, पाक तिच्या लुगड्यावर गळून राहिला. अन् आम्ही पोट्ट्या पाळण्याच्या मागं पोट धरून हसून राहिलो. तू कुठून आला माहीत नाई. एकच विचारलं, 'तोरड्या कुठी आहेत?' मी म्हटलं, मायच्या पेटीत. तू मले हात लावला नाई. पुढं झाला, मी मागं. 'सांग यायले,' तू हवालदाराले दाखवून म्हटलं. मी सांगतलं, खोटं बोलली. मंग तू त्या माणसाले हात जोडले. 'पाव्हणं, आमची चूक झाली.' त्यानं मले मारलं होतं, अन् तू त्याले हात जोडले! घरी येताना बांधावरून मी रागानं म्हटलं, मी तुझी पोरगी का तो? तू चालता चालताच बोलला, मागं वळला नाई. 'त्यानं मारलं त्याचा हिशोब मी त्याच्या आंगणात बसून संपवला. आज तू त्याले मारलं. अन् पोलिसाच्या हातानं मारलं. आपल्या हातानं मारणारा माणूस कवातरी थकते, पोरी. दुसऱ्याच्या हातानं मारणारा थकत नाई.'

टपरीवर पोरगा उभा होता. चहाचा कप हातात, नजर तिच्यावर. चेहऱ्यावर थकवा नव्हता, बा. जराबी नाई. मले वाटत होतं का तो त्याच्या बापावर गेला नाई, मामावर गेला असंन, कोणावर गेला असंन. तो माझ्यावर गेला होता. तोच पाळण्याच्या मागचा चेहरा. फरक एवढाच का मले शोधत येणारा तू होता, अन् त्याले शोधत जाणारं कोणी नव्हतं. बाप मेलेला, अन् माय त्याच्याच बाजूची साक्षीदार.

पुकारा झाला. मॅडम जज होत्या, पोराच्याच वयाच्या. खरं सांगीन अशी शपथ घेतली. वकिलानं विचारलं, फारकत झाली होती काय? मी म्हटलं, 'झाली.' त्याले वाटलं, बुढी चुकली. पुन्हा विचारलं. मी म्हटलं, 'झाली जी. आमच्या आंगणात झाली. कागद झाला, त्यावर माझी सही आहे. म्हणजे होती. काडी मोडली. मी स्वतः पाह्यलं. दागिनेबी तिनं नेले नाईत, माझ्या पेटीत आहेत.' कागद कोणं जाळला हे मले कोणी विचारलं नाई, अन् मीबी सांगतलं नाई. तेवढं मी पोरासाठी ठेवलं. वकिलाचं तोंड पाहाण्यासारखं झालं. तो मॅडमले म्हटला, साक्षीदार फितूर झाली, मले उलटतपासणी कराची परवानगी द्या. फितूर! चौसष्टाव्या वर्षी मी फितूर झाली, बा. मंग तो माझ्याकडं वळला. आता आजी नाई, आता बाई.

'बाई, काडी मोडली म्हणजे लग्न मोडते अन् बाई दुसरं घर करू शकते, अशी रीत तुमच्या समाजात आहे, असं तुम्ही म्हणता. याले पुरावा काय?'

मी पोराकडं पाह्यलं. तो मान हलवून राहिला होता, नको म्हणून. पण त्याले काय ठाऊक, मी काय सांगणार आहे. त्याले वाटलं, अजून तिच्याच बाजूनं काई बोलंन. मले ती बाराव्या दिवसाची टाळू आठवली. अन् मी म्हटलं, 'पुरावा तं तुमच्या बाजूलेच बसला आहे, वकीलसाहेब. दाढी राखून.'

लोक हसले. मी थांबली नाई. 'माझीबी अशीच काडी मोडली होती तुमसरकडं, पहिल्या घरी. मंग ह्याच्या बापाशी पाट लागला अन् हा झाला. ती फारकत खोटी असंन, तं मंग तुमच्या कागदावर वडिलांचं नाव म्हणून जे मोठ्या अक्षरात छापलं आहे, ते कोणाचं हो? विचारून घ्या त्याले. टाइप त्यानंच केलं आहे.'

बा, अख्खं कोर्ट हसलं. टाइप करणारी बाई हात थांबवून हसली. दारातला शिपाई हसला. मॅडमनं 'शांतता' म्हटलं, पण ओठ दाबून म्हटलं. तिचा तो गुडघ्याचा सासराबी हसला. ती नाई हसली. ती खाली पाहून लेकराच्या झबल्याची नाडी बांधून राहिली होती. पोरानं मोबाइल काढला अन् त्याच्या काळ्या काचेकडं पाहात बसला. फोन बंद होता. मंग उठला अन् लोकांच्या गुडघ्यांतून वाट काढत बाहेर गेला. मॅडमनं मले पुन्हा नीट विचारलं, गाव कोणतं, पंच किती होते, कोणत्या सालाची गोठ. मी सगळं सांगतलं. लिहून घेतलं. खाली सही मागतली. ह्या वेळेस मी शेपटी काढली नाई.

तीन दिवस तो घरी आला नाई. चौथ्या दिवशी सकाळी आला. मी सपरीत तांदूळ निवडत होती. तो खांबाले टेकून उभा राहिला.

'बाबाले माहीत होतं?'

'होतं.'

'आजीले?'

'तिलेबी.'

'मंग मलेच काहून नाई सांगतलं?'

'तुह्या आजोबाले शब्द दिला होता. तुह्या डोक्यावर हात ठेवून.'

'आधी मले एकट्याले सांगतलं असतं तं?'

'तं काय? केस काढून घेतली असती?'

त्यानं विचार केला. खोटं बोलला नाई, एवढं त्याच्यासाठी म्हणते. 'नाई,' म्हटला. मंग पिशवी काढता काढता, 'पण सांगाचं होतं.' कपडे पिशवीत भरले अन् गेला. आता दुकानाच्या मागच्या खोलीत राहते. स्वतः शिजवते म्हणतात, नाई तं हॉटेलात खाते. दागिन्याची तक्रार त्यानं मागं घेतली, असं तिच्या भावानं सांगतलं. अंगणवाडीचा अर्ज तसाच पडला आहे. कोर्टातल्या केसच्या दोन तारखा होऊन गेल्या, तो गेला नाई. तिचे वकील म्हणतात, असाच नाई आला तं केस आपोआप निघून जाईन. दुसऱ्या तारखेले मी गेली होती. टपरी रिकामी होती. ती म्हटली, 'मामी, आज लवकर मोकळं केलं, दुपारची बस भेटते.' अन् माझ्या हातात लेकरू देऊन सासऱ्याले बसमध्ये चढवाले गेली. गावातले लोक मले आता कोर्टातली गोठ सांगाले लावतात. सांग ना वं, वकिलाले काय म्हटलं तू? मी नाई सांगत.

तू विचारशील, शब्द मोडला त्याचं काय. त्याचं मले तेवढं वाटत नाई, बा. तू असता तं तूच म्हटलं असतं, सांग यायले. ती गोठ सांगणं भाग होतं. मॅडमले ती पायजे होती, तिले पायजे होती, त्या बुढ्याच्या गुडघ्याले पायजे होती. पण सांगाची दुसरी रीत होती. 'माझीबी झाली होती, जी,' एवढं म्हटलं असतं तरी लिहून घेतलं असतं. नाई तं मॅडमले म्हटलं असतं, पोराले जरा बाहेर पाठवा. मले ते सुचलं नव्हतं असं नाई. सुचलं होतं. दाढीची गोठ काढली तं लोक हसतील, हेबी सुचलं होतं, अन् तेच मी पकडलं. तो माझ्याकडं पाहून मान हलवत होता, तवाबी पकडलं. अन् सारं कोर्ट हसलं तवा, पोराकडं नजर जाच्या आधी, मले लय बरं वाटलं.